परत आलात तुम्ही दोघे, मुलांनी मात्र देश बदलला आहे

प्रश्न : आम्ही अकरा वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला होतो. ग्रीन कार्डची रांग सरकेना, इकडे सासूसासऱ्यांची वयं वाढत चालली, म्हणून गेल्या जूनमध्ये कायमचे पुण्याला आलो. कोथरूडला त्यांच्यासोबतच राहतो. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. मुलगी चार वर्षांची. दोघांचा जन्म तिकडचा. आठ महिने झाले तरी मुलगा रोज एकदा तरी 'घरी जाऊ या' म्हणतो. मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीतच देतो. तिकडे वर्गात हुशार गणला जायचा, इथे वह्यांवर लाल शेरे येतात. मिस्टर तिकडच्याच कंपनीचं काम इथून करतात, रात्री अकरापर्यंत कॉल चालू असतात. सासूबाई प्रेमळ आहेत, पण 'तिकडच्या सवयी लावून ठेवल्यात' हे रोज ऐकावं लागतं. मी तिकडे एच-फोरच्या, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर बायकोला मिळणाऱ्या व्हिसाच्या, कामाच्या परवान्यावर नोकरी करत होते, ती सोडून आले. गाव माझं, भाषा माझी, तरी मला इथे परकं वाटतं. 'नाही जमलं तर जाऊ परत' असं आम्ही दोघं अधूनमधून बोलतो. आमचं चुकलं का? आणि मे महिन्यात मुलाला एकदा तिकडे फिरवून आणावं का?

उत्तर : मुलापासून सुरुवात करते, कारण घरातला बराचसा ताण त्याच्याभोवती फिरतोय. तुम्ही आणि तुमचे मिस्टर पुण्याला परत आलात. मुलगा परत आलेला नाही. त्याची शाळा एडिसनची, पहिला मित्र तिथला, सायकल शिकला तो रस्ताही तिथलाच. पुणं म्हणजे त्याच्यासाठी सुट्टीत यायचं ठिकाण होतं, जिथे सगळे लाड करतात आणि शाळा नसते. आठव्या वर्षी त्याने देश बदलला आहे. तुम्ही एडिसनला उतरलात तेव्हा पहिल्या हिवाळ्यात तुम्हाला जे वाटलं असेल, ते त्याला आत्ता वाटतंय. पण तुम्ही ठरवून गेला होतात, आणि 'अगं, हे तर तुझंच घर' असं तिथे तुम्हाला कोणी म्हणत नव्हतं. त्याला उठताबसता सगळे हेच सांगतात. मग आठवण येणं हाच त्याचा गुन्हा ठरतो, आणि तो एकतर चिडतो नाहीतर गप्प बसतो.

हे काही तुमच्याच घरात पहिल्यांदा घडत नाहीये. १९५०च्या दशकात जॉन आणि रूथ यूसीम हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ दांपत्य भारतात येऊन राहिलं होतं. पश्चिमेकडे शिकून परतलेल्या भारतीयांचा त्यांनी अभ्यास केला आणि इथे राहणाऱ्या अमेरिकनांचाही केला. आईवडिलांच्या देशाबाहेर वाढणाऱ्या मुलांना 'तिसऱ्या संस्कृतीची मुलं' म्हणण्याची पद्धत त्या कामातूनच पुढे रूढ झाली. १९६३ मध्ये जॉन आणि जीन गलाहॉर्न यांनी परतणाऱ्यांविषयी लिहिलं, की परदेशी गेल्यावर मन जसं एकदा खाली जातं आणि सावरतं, तसंच ते मायदेशी आल्यावर पुन्हा एकदा खाली जातं. ही दुसरी घसरण तुमची आहे. मुलाची मात्र ही पहिलीच आहे. तुमच्या घरात एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी चालल्या आहेत आणि दोन्हींना 'ॲडजस्टमेंट' हे एकच नाव मिळालंय, म्हणून औषधही एकच शोधलं जातंय.

तो 'घरी जाऊ या' म्हणाला की 'हेच आपलं घर' असं उत्तर देणं थांबवा. ते खरं असलं तरी त्याच्या कामाचं नाही. त्याऐवजी विचारा, 'गेलास तर आधी काय करशील?' मुलं या प्रश्नाला फार नेमकं उत्तर देतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला सगळ्यात जास्त काय आठवत होतं, तर स्वतःच्या नावाचं लायब्ररी कार्ड. ते मशीनला लावून तो स्वतः पुस्तकं काढायचा. इथे त्याला पुस्तकं भरपूर मिळत होती, पण सगळी कोणीतरी आणून दिलेली. त्याच्या आईने त्याला जवळच्या वाचनालयाचं सभासद केलं, पावती त्याच्या नावाची घेतली, आणि पुस्तक बदलायला काउंटरवर त्यालाच बोलायला लावलं. त्याने सगळं सुटलं नाही, पण आठवड्यातली एक संध्याकाळ त्याची स्वतःची झाली. तुमच्या मुलाची अशी एखादी गोष्ट नक्की असेल. ती काय आहे ते त्याच्याकडूनच कळेल.

अजून एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का, बघा. न्यू जर्सीतल्या शाळा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत चालतात आणि आपल्याकडच्या बऱ्याच शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. म्हणजे तुम्ही जूनमध्ये आलात तेव्हा त्याच्या शाळेचा शेवटचा दिवस बहुतेक बुडाला, मित्रांचा निरोप घाईत झाला, आणि वर्षभर ज्या सुट्टीची वाट बघितली ती तर मिळालीच नाही. विमानातून उतरला आणि नव्या गणवेशात उभा राहिला. मोठ्यांच्या हिशेबात ही तारखांची सोय असते. मुलाच्या हिशेबात त्याचं काहीतरी काढून घेतलं गेलेलं असतं. यंदाची मेची सुट्टी ही त्याची खरी पहिली सुट्टी असेल. ती शिकवण्या आणि हस्ताक्षराच्या वर्गांनी भरू नका. हवं तितकं उशिरापर्यंत झोपू दे, आंबे खाऊ दे, दुपारभर सोसायटीत हुंदडू दे.

आता शाळा. त्याची गणिताची एखादी वही काढून शांतपणे पाहा. त्याने तारीख लिहिताना महिना आधी लिहिला असेल, म्हणजे चार जुलैचं 'सात-चार' होऊन बसलं असेल. मोठ्या संख्येत स्वल्पविराम दर तीन घरांनंतर दिला असेल, कारण त्याच्या डोक्यात लाख नावाची गोष्टच नाही, शंभर हजार आहेत. भागाकारात तो उत्तर डोक्यावर लिहितो, बाईंना ते उजवीकडे हवं असतं. अंतर तो मैलात सांगतो, ताप शंभरच्या वर गेला की घाबरतो पण बाहेरचं तापमान तीस म्हटलं की त्याला बर्फ आठवतो. इंग्रजीत 'कलर'मध्ये त्याने 'यू' लिहिला नसेल, त्यावरही लाल गोल असेल. तिकडे दुसरीपर्यंत सुटी अक्षरं चालत होती, इथे अक्षरं जोडून लिहिलेलं वळणदार इंग्रजी मागतात, तेही फळ्यावरून भराभर उतरवून, समास सोडून, शीर्षकाखाली रेघ मारून.

यातली एकही गोष्ट बुद्धीची नाही. ही सगळी शाळेची शिस्त आहे, आणि इथली मुलं ती ज्युनियर केजीपासून शिकत आलेली असतात. पण आठ वर्षांच्या मुलाला हा फरक कळत नाही. त्याला इतकंच कळतं, की तिकडे मी हुशार होतो आणि इथे मी ढ झालो. तुम्ही त्याच्याशेजारी बसून प्रत्येक लाल शेऱ्याचं कारण त्याला सांगा. 'हे तुला येत नाही असं नाही, इथे ते असं लिहितात.' दोन-तीन वह्या एकदा अशा पाहून झाल्या की त्याच्या मनावरचं पुष्कळ ओझं उतरेल. मग रोज वीस मिनिटं फक्त एक काम करा : पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद समोर उभा ठेवून वहीत उतरवून घेणं. नजर वर, नजर खाली, हे कसब सरावाने येतं आणि त्याचे वर्गातले निम्मे हाल या एकाच गोष्टीपायी होत असतात.

वर्गशिक्षिकांना भेटा, पण पालकसभेच्या गर्दीत नको, वेगळी वेळ मागून घ्या. तक्रार घेऊन जाऊ नका, तीन मागण्या घेऊन जा. वार्षिक परीक्षेपर्यंत लेखनाच्या पद्धतीचे गुण कापले तरी शेरा लिहू नये. बडबड्या, मदत करणाऱ्या मुलाशेजारी त्याला बसवावं. आणि त्याला 'अमेरिका' अशी हाक कोणी मारू नये, अगदी कौतुकानेही नाही. चाळीस मुलांच्या वर्गात बाईंना प्रत्येकाकडे बघणं जमत नाही हे मी जवळून पाहिलं आहे, पण नेमकं काम सांगितलं तर बहुतेक शिक्षिका ते मनापासून करतात. कधी हात उगारणं किंवा वर्गासमोर पाणउतारा करणं झालं, तर मात्र गप्प बसू नका. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. मुख्याध्यापकांशी लेखी बोला.

येत्या जूनमध्ये शाळा बदलावी का, असंही तुमच्या मनात असेल. माझं मत विचाराल तर नको, जोवर वर नमूद केलेल्या प्रकारचं काही घडत नाही तोवर. तिकडच्यासारखी वाटेल म्हणून लोक महागड्या आंतरराष्ट्रीय शाळेत घालतात. फी परवडत असेल आणि पुढे कधीतरी तिकडे जायचं पक्कं असेल, तर त्यात काही वावगं नाही. पण वर्षभरात दुसऱ्यांदा मित्र तोडायला लावणं ही किंमत फीपेक्षा मोठी आहे.

भाषेचं घोडं थोडं वेगळ्या ठिकाणी अडलंय. त्याला मराठी कळतं, म्हणजे पाया आहे. उत्तर इंग्रजीत येतं, कारण इंग्रजीत तो आठ वर्षांचा असतो आणि मराठीत चार वर्षांचा. कुठल्याही मुलाला स्वतःला लहान करून घेणं आवडत नाही. 'मराठीत बोल' असा हुकूम दिला की तो बोलणंच कमी करतो. तुम्ही मराठीत बोलत राहा, त्याने इंग्रजीत उत्तर दिलं तर त्याच्याच उत्तराचं मराठी वाक्य सहज बोलून पुढे जा. सुधारू नका, थांबवू नका. कॅनडातले जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांच्या भाषेवर बरंच काम केलं आहे. त्यांच्या मते खेळताना, भांडताना लागणारी भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. तुम्ही आठ महिन्यांवर आहात.

शाळेतल्या मराठीला पर्याय नाही, तेव्हा त्याबद्दल घरात 'याचा काय उपयोग' असा सूर नको. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, सीबीएसई आणि आयसीएसईसुद्धा. हिंदीही असेल तर दोन्हींची लिपी देवनागरी आहे हे त्याच्या पथ्यावर पडेल. आधी मराठी वाचन पक्कं करा, हिंदीचं निम्मं काम आपोआप होतं. त्याच्या इयत्तेचं पुस्तक जड जात असेल तर बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पण ती त्याला 'तू पहिलीचं वाच' म्हणून देऊ नका. धाकटी बहीण चार वर्षांची आहे, तिला वाचून दाखवायचं काम त्याच्यावर सोपवा. बहिणीसाठी वाचताना पुस्तक लहान मुलांचं आहे याची लाज वाटत नाही.

धाकटीबद्दल थोडक्यात. चार वर्षांचं मूल घरातली माणसं जागेवर असली की लवकर रुळतं. तिची मराठी दिवाळीपर्यंत तुमच्यासारखी होईल. फक्त दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक म्हणजे शाळेतलं स्वच्छतागृह. वेगळ्या पद्धतीचा संडास, ओली जमीन, दाराबाहेर उभ्या मावशी, यामुळे तिकडून आलेली कितीतरी मुलं दिवसभर रोखून धरतात, पाणीच पीत नाहीत, आणि मग पोटदुखी सुरू होते. ती पोटदुखी घेऊन लोक डॉक्टरांकडे हेलपाटे घालतात. एकदा मावशींशी ओळख करून द्या, घरी सवय करून घ्या. दुसरं म्हणजे रस्त्यावरची कुत्री. तिकडे पट्ट्यात बांधलेलं कुत्रं कुरवाळायची सवय असते. इथे हात लावायचा नाही, पळायचं नाही, शांत उभं राहायचं, हे दोन्ही मुलांना खेळ म्हणून शिकवा. चावलं किंवा ओरखडलं, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बालरोगतज्ज्ञांना तिकडचं लसीकरणाचं कार्ड दाखवलं नसेल तर दाखवा. बीसीजी आणि टायफॉइडची लस अमेरिकेत सगळ्या मुलांना देत नाहीत. कोणती आता द्यायची ते ते वय पाहून सांगतील.

आता सासूबाईंचं वाक्य. ते तुम्हाला लागतं, कारण त्यात तुमच्या आठ वर्षांच्या आईपणावर शेरा आहे असं वाटतं. त्यांच्या बाजूनेही बघा. इतकी वर्षं त्या फोनच्या पडद्यावरच्या आजी होत्या. नातू गोड बोलायचा, पाच मिनिटांनी खेळायला पळायचा. आता तोच नातू आमटी-भाताला नाक मुरडतो, खोलीचं दार लावून घेतो, 'आय डोन्ट वॉन्ट टु' म्हणतो. त्यांनी मनात जपलेला नातू आणि समोरचा मुलगा यांचा मेळ बसत नाहीये, आणि तो राग सुनेवर निघतो, कारण नातवावर तो काढणं त्यांना शक्य नाही.

इथे तुम्ही बोलून उपयोग नाही. तुमच्या मिस्टरांनी बोलायला हवं, त्यांच्या आईशी, एकट्यात. 'आई, त्याच्या सवयी आम्ही दोघांनी लावल्या आहेत, तिने एकटीने नाही. त्याच्यासमोर हे बोलू नकोस, त्याला ते कळतं.' एवढंच. त्यानंतर सासूबाईंना नातवाबरोबरचं असं एखादं काम द्या ज्यात तुम्ही नसाल. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून भाजी आणणं चालेल. मटार सोलणं, देवाला फुलं काढणंही चालेल. तिथे तो मराठीत बोलतो की नाही, काय खातो, याकडे लक्ष देऊ नका. आजीच्या हाताखाली मूल वेगळं वागतं, आणि आजीलाही तो तेव्हा 'तिकडचा' वाटत नाही.

घराचे नियम मात्र मोजकेच आणि सगळ्यांचे सारखे असू द्या. झोपायची वेळ, पडद्याची वेळ आणि जेवणाच्या ताटात जबरदस्ती नाही. या तिन्हींवर चौघं मोठे एकमताने ठाम राहा. बाकी आजोबांनी चोरून गोळ्या दिल्या तर देऊ द्या. आणि एक गोष्ट मी स्पष्टच सांगते, जी पुण्यात मोठ्याने बोलली जात नाही. वर्षाअखेरीस एक स्वयंपाकघर दोघींना पुरत नाही असं दिसलं, तर जवळच, चालत जाता येईल अशा अंतरावर वेगळं बिऱ्हाड करा. कडवटपणा येण्याआधी केलेलं वेगळं घर नातं टिकवतं. तुम्ही सासूसासऱ्यांसाठी परत आलात. त्यांच्याजवळ राहण्यासाठी एकाच छपराखाली राहावं लागतं असं नाही.

मिस्टरांच्या कामाकडे वळते. सध्या तिथल्या आणि इथल्या घड्याळात साडेदहा तासांचा फरक आहे, म्हणजे तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात. नेमकी जेवणाची, मुलांच्या गप्पांची, दिवसाचा हिशेब सांगायची वेळ. बाप घरात आहे, पण दाराआड इंग्रजीत बोलतोय. मुलाच्या दृष्टीने बाबा अजून तिकडेच राहतात. मग त्यालाच का इथे आणलं, हा प्रश्न त्याच्या जागी अगदी रास्त आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातील आणि फरक साडेनऊ तासांचा होईल. हा तास कंपनीला देऊ नका. कॉल अकराऐवजी दहाला संपवा, आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी नऊपर्यंत कॉल नाहीत असं त्यांनी कंपनीत आत्ताच ठरवून घ्यावं. सकाळी बसच्या थांब्यापर्यंत मुलाला सोडायचं काम कायमचं त्यांचं. उशिरा झोपणाऱ्याला सकाळी सहाला उठणं जड आहे, मान्य, पण हा दिवसातला एकच वेळ आहे जेव्हा दोघांना तिकडचं कोणी बोलावत नाही.

आणि तुम्ही. तुमच्या पत्रात बहुतेक सगळं इतरांबद्दल आहे, स्वतःबद्दल फक्त दोन वाक्यं. तिकडे तुम्ही नोकरी करत होता, गाडी चालवत होता, मुलाला शाळेत सोडून ऑफिस, येताना सामान, सगळं एकटीने. इथे मदतीला माणसं आहेत, पण कुठे जायचं तर कोणी सोडायला हवं, रिक्षा मिळायला हवी, निघताना सांगून जायला हवं. परतलेल्या बायकांमध्ये मी ही घुसमट सगळ्यात जास्त पाहते, आणि तिला बहुतेक जणी 'एकटेपणा' म्हणतात. मैत्रिणी पांगल्या आहेत हे खरंच, पण त्याआधी तुमचं हिंडणं-फिरणं गेलं आहे. इथलं लायसन्स मुदतीत आहे का पाहा, नसेल तर नूतनीकरणाला टाका. पौड रोडच्या गर्दीत गाडी चालवायची भीती वाटत असेल तर पंधरा दिवस शिकवणी लावा, किंवा दुचाकीपासून सुरू करा. वनाझवरून मेट्रो आहे, ती वापरा. आपल्या पायांनी, कोणाला न विचारता, आठवड्यातून दोनदा बाहेर पडा. कुठे जायचं ते नंतर ठरेल. नोकरीचं म्हणाल, तर मुलं शाळेत असतानाच्या वेळेपुरतं का होईना, जूनपासून काहीतरी सुरू करायचं असं ठरवा. सासूबाईंना ते आत्ताच सांगून ठेवा.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, रडू येत असेल आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मुलाच्या बाबतीतही तसंच. तो चिडतो, रडतो, आठवण काढतो, याची मला तितकी काळजी नाही. त्याने खेळणं सोडलं, झोपेत पुन्हा अंथरूण ओलं व्हायला लागलं, सकाळी रोज उलटी होऊ लागली, किंवा 'मी नसतो तर' अशा धर्तीचं काही बोलला, तर लगेच दाखवायचं.

सगळ्यात महत्त्वाचं आता लिहिते. 'नाही जमलं तर जाऊ परत' हे वाक्य तुम्ही दोघं मुलांच्या कानावर पडेल असं बोलता का? बहुतेक बोलत असाल, आणि तो मराठीत उत्तर देत नसला तरी त्याला सगळं कळतं. मग त्याच्या मनात साधा हिशेब तयार होतो, की इथे जमलं नाही तर आपण घरी जाणार. त्यामुळे जमवून घेणं म्हणजे घरी जायची संधी घालवणं. हे तो जाणूनबुजून करत नाही, पण तुमचं हे तळ्यात-मळ्यात चालू आहे तोवर तो कुठल्याच मित्रात पूर्ण जीव गुंतवणार नाही.

म्हणून दोघं बसा आणि एक तारीख ठरवा. माझा सल्ला असा, की शाळेची दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या एप्रिल-मेपर्यंत, हा विषय बंद. तेव्हा दोघं मिळून पुन्हा विचार करा, पैशांसकट, आईवडिलांसकट, करिअरसकट. तोवर मुलांसमोर नाही, नातेवाइकांसमोर नाही, एकमेकांशी भांडतानाही नाही. मुलाला इतकंच सांगायचं : 'चौथी संपेपर्यंत आपण इथेच आहोत, हे नक्की.' मुलांना कायमचं हा शब्द पेलत नाही, पण चौथी संपेपर्यंत हे त्यांना मोजता येतं.

हा विषय बंद ठेवताना धास्ती वाटू नये म्हणून कागदपत्रं जागेवर असू द्या. दोन्ही मुलं जन्माने अमेरिकन नागरिक आहेत. मोठेपणी शिकायला किंवा राहायला त्यांना तिकडे जाता येईल, ते दार तुमच्या निर्णयाने बंद होत नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांचा अमेरिकी पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. नूतनीकरण मुंबईच्या अमेरिकी वकिलातीतून होतं आणि दोन्ही पालकांची संमती लागते. नवा पासपोर्ट आला की ओसीआयच्या, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाच्या, संकेतस्थळावर त्याची प्रत चढवायची. ओसीआय कार्डधारकाला गेल्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहणं झालं असेल तर आधार काढता येतं, म्हणजे तुमच्या मुलांचं आता निघेल. शाळा 'एलसी', म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मागत असेल तर तिकडे तसा दाखला नसतो. जुन्या शाळेकडून शिक्के असलेली गुणपत्रकं मागवा, आणि जन्मदाखल्यावर न्यू जर्सी राज्याचं अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरण्यासाठीचं सरकारी प्रमाणपत्र, नसेल तर तिकडच्या एखाद्या मित्राकरवी करून घ्या. तुमच्या मिस्टरांसाठी कंपनीने भरलेला ग्रीन कार्डचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला असेल तर रांगेतली तारीख साधारणपणे टिकते, वकिलाला एकदा विचारून ठेवा. पैशांचं सीएकडून करून घ्या. तुम्ही आता इथले रहिवासी आहात, तेव्हा एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचं बँक खातं, बदलून घ्यावं लागतं, आणि इतकी वर्षं बाहेर राहून आलेल्यांना पहिली दोन-तीन वर्षं परदेशी उत्पन्नावर करसवलतीचा जो दर्जा मिळतो तो विवरणपत्रात नीट दाखवावा लागतो.

आमचं चुकलं का, असं विचारलंत. म्हाताऱ्या आईवडिलांजवळ यावं, व्हिसाच्या तारखांवर संसार टांगून ठेवू नये, असं वाटणं यात चूक कुठली? निर्णय तुमच्या दोघांच्या गरजेतून झाला आणि ती गरज खरी होती. मुलालाही हे खरं कारण सांगा. 'तुझ्या भल्यासाठी आलो' असं सांगू नका, कारण त्याला त्यात भलं दिसत नाहीये. 'आजी-आजोबा थकलेत, बाबांना त्यांच्याजवळ राहायचं होतं, तुला त्यासाठी बरंच सोडावं लागलं हे आम्हाला माहीत आहे,' असं सांगा. आठ वर्षांच्या मुलाला हे समजतं, आणि त्याच्या सोडण्याला कोणीतरी मोजलं हेही समजतं.

राहिला मे महिन्याचा प्रश्न. यंदा नका नेऊ. अजून वर्ष व्हायचंय, आणि मेमध्ये तिकडच्या शाळा चालू असतात. त्याचे मित्र दिवसभर वर्गात असतील, त्याच्या जागेवर दुसरं कोणीतरी बसलेलं असेल आणि तो तुमच्याबरोबर कुणाच्या तरी पाहुण्यांच्या खोलीत. त्याऐवजी आत्तापासून दर शनिवारी इथल्या संध्याकाळी आठच्या सुमारास, म्हणजे तिकडच्या सकाळी, एका मित्राशी व्हिडिओ कॉल ठेवा. दोघांना एकच ऑनलाइन खेळ खेळू द्या, नुसतं बोलायला मुलांना सुचत नाही. पुढच्या वर्षी न्यायचं असेल तर जूनच्या शेवटच्या आठवड्यात न्या, तिकडे सुट्टी लागल्यावर. इथली थोडी शाळा बुडेल, त्याची आधी परवानगी काढा. जाताना परतीच्या तिकिटाची तारीख त्याला दाखवा, आणि इथल्या एखाद्या मित्रासाठी तिकडून काय आणायचं ते त्यालाच ठरवू द्या.